वनस्पती, बुरशी आणि जिवाणूंपासून नॅनोकण: रंग बदलल्यानंतरचं खरं काम

वनस्पतीच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट मिसळलं, तासाभरात फिकट पिवळं पाणी तपकिरी झालं, की चांदीचे नॅनोकण तयार झाले, असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. अनेकदा ते खरंही असतं. पण तपकिरी रंग यायला आणखी दोन-तीन कारणं असू शकतात आणि त्यांचा नॅनोकणांशी काहीही संबंध नसतो. कण बनवणं हा या पद्धतीतला सगळ्यात सोपा भाग आहे. तेच कण महिन्याभराने पुन्हा तसेच बनवता येणं, आणि आपण नेमकं काय बनवलं हे ठामपणे सांगता येणं, यात खरा घाम निघतो. म्हणून या लेखात कृतीइतकीच जागा कंट्रोल (म्हणजे एखादा घटक मुद्दाम वगळून शेजारी चालवलेला तुलनेचा प्रयोग), मोजमाप आणि नोंदींना दिली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हे काम प्रयोगशाळेत, हातमोजे आणि गॉगल घालूनच करायचं, घरच्या स्वयंपाकघरात नाही. सिल्व्हर नायट्रेट त्वचेवर काळे डाग पाडतं आणि डोळ्यात गेलं तर गंभीर इजा करतं. तयार झालेलं द्रावण औषध म्हणून पोटात घेण्याचा विचारही करू नका. चांदी शरीरात साठत गेली की त्वचा कायमची निळसर-राखाडी होते.

मुळात होतं काय

१ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. क्षारातून धातूचे कण मिळवायचे तर दोन कामं व्हावी लागतात. धातूच्या आयनाला कोणीतरी इलेक्ट्रॉन द्यायला हवा, म्हणजेच त्याचं क्षपण व्हायला हवं. आणि तयार झालेले कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर कोणीतरी आवरण घालायला हवं. नेहमीच्या रासायनिक पद्धतीत पहिलं काम सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझिनसारखी तीव्र रसायनं करतात आणि दुसऱ्यासाठी वेगळं पॉलिमर किंवा पृष्ठसक्रिय द्रव्य लागतं. वनस्पतीच्या अर्कात पॉलिफिनॉल, फ्लॅव्होनॉइड, क्षपणकारी शर्करा आणि प्रथिनं एकत्र असतात, त्यामुळे दोन्ही कामं एकाच भांड्यात, पाण्यात, साध्या तापमानाला होतात. पॉलिफिनॉलचं ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन बनतात, चांदीचे आयन अणू होतात, अणूंचे बारीक पुंजके होतात आणि ते पुंजके वाढत जातात.

जिवाणूंचा पुरावा १९९९ साली ठळकपणे पुढे आला. चांदीच्या खाणीत सापडलेल्या स्यूडोमोनास स्टुट्झेरी या जिवाणूच्या पेशीत २०० नॅनोमीटरपर्यंतचे चांदीचे स्फटिक साठलेले दिसले. त्यानंतरच्या काही वर्षांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने व्हर्टिसिलियम आणि फ्युजेरियम या बुरशी, जिरेनियम आणि कडुनिंबाची पानं यांवर जे काम केलं, त्याने या विषयाला आजचं रूप आलं.

रासायनिक पद्धत म्हणजे घाण आणि जैविक म्हणजे स्वच्छ, अशी सरळ विभागणी मात्र करू नका. सोन्याचे कण सायट्रेट वापरून पाण्यात बनवण्याची टर्केविच पद्धत १९५१ पासून चालत आली आहे आणि ती बरीच सौम्य आहे. आपली पद्धत हिरवी आहे हे दर पायरीला सिद्ध करावं लागतं, नाव देऊन ते होत नाही.

वनस्पती कोणती घ्यावी

जगात ज्यावर अजून कोणी शोधनिबंध लिहिलेला नाही अशी वनस्पती शोधण्यात विद्यार्थी महिने घालवतात. माझ्या मते हा वेळ वाया जातो. पॉलिफिनॉल असलेली जवळपास कोणतीही वनस्पती चांदीचं क्षपण करते, त्यामुळे 'आमच्या पानानेही झालं' ही आता बातमी उरलेली नाही. निवडीचे निकष साधे असावेत: मुबलक मिळते का, दुर्मीळ किंवा संरक्षित नाही ना, तिच्यातल्या रासायनिक घटकांची माहिती उपलब्ध आहे का, आणि शक्य असेल तर टाकाऊ भाग वापरता येतो का. चहाचा चोथा, फळांच्या साली, छाटणीतली पानं हे उत्तम कच्चे माल आहेत. वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पक्की करून घ्या आणि एक वाळवलेला नमुना जपून ठेवा.

ताज्या पानांपेक्षा मी वाळवलेली पूड सुचवेन. ताज्या पानातलं पाणी ऋतूनुसार, पानाच्या वयानुसार, अगदी तोडणीच्या वेळेनुसार बदलतं, त्यामुळे '१० ग्रॅम पानं' या मोजमापाला फारसा अर्थ राहत नाही. निरोगी पानं आधी नळाच्या पाण्याने आणि मग दोन-तीनदा ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. सावलीत किंवा ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, दळा, चाळा. पूर्ण मालिकेला पुरेल एवढी पूड एकदाच करून हवाबंद बाटलीत ठेवा. बाटलीवर तोडणीची तारीख, ठिकाण आणि पानांचा प्रकार लिहा.

अर्क

२ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात घालून झाकण ठेवा आणि ७० अंशांना २० मिनिटं हलवत ठेवा. खळखळून उकळू नका. जास्त उष्णतेने काही फिनॉलिक घटकांचं विघटन होतं आणि पाणी उडाल्याने संहती दर वेळी वेगळी येते. गार झाल्यावर मलमलीतून, मग व्हॉटमन क्रमांक १ च्या गाळण कागदातून गाळा. तरीही बारीक गाळ राहतो, तो सेंट्रिफ्यूजने किंवा ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरने काढा. हा गाळ राहिला तर पुढे प्रकाशाच्या विकिरणावर चालणारी सगळी मोजमापं बिघडतात.

पाण्याऐवजी इथेनॉल वापरलं तर काही घटक जास्त निघतात, पण मग द्रावक परत मिळवण्याचा प्रश्न येतो. पाण्याने काम होत असेल तर पाणीच वापरा.

आता दोन मोजमापं, जी बहुतेक जण टाळतात. पहिलं: अर्कातले घन पदार्थ. १० मिलिलिटर अर्क वजन केलेल्या बशीत घेऊन १०५ अंशांना कोरडा करा आणि उरलेलं वजन नोंदवा. दुसरं: फोलिन-सिओकाल्ट्यू पद्धतीने एकूण फिनॉल, गॅलिक ॲसिडच्या प्रमाणात. पुढच्या वेळी अर्क केला की हे दोन आकडे जुळतात का पाहा आणि नसतील तर अर्क पातळ किंवा घट्ट करून जुळवून घ्या. पुनरावृत्तीची अर्धी लढाई इथेच जिंकली जाते.

अर्क ४ अंशांना ठेवला तरी दोन-तीन दिवसांपलीकडे वापरू नका. तो आपोआप गडद होत जातो आणि त्यात बुरशी येते. जास्त दिवस हवा असेल तर छोट्या कुप्यांत भरून उणे २० अंशांना गोठवा आणि प्रत्येक कुपी एकदाच वितळवा.

क्लोराइड नावाचा शत्रू

चांदीचे आयन आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप पडतो. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, मिठाच्या पाण्यात, फॉस्फेट सलाइनमध्ये, जिवाणूंच्या बहुतेक माध्यमांत असतं, आणि वनस्पतीच्या पेशीतही असतं. म्हणून शेवटची धुलाई आणि सगळी द्रावणं ऊर्ध्वपातित किंवा विआयनीकृत पाण्यातच. काचेची भांडी विरल नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवा आणि नंतर त्याच शुद्ध पाण्याने भरपूर खंगाळा. हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतलेलं भांडं नीट खंगाळलं नाही तर तुम्ही स्वतःच क्लोराइड आणून ठेवता.

अर्काची ढोबळ परीक्षा करता येते. थोड्या अर्कात विरल नायट्रिक ॲसिडचे दोन-तीन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. लगेच पांढरं धुकट झालं तर क्लोराइडचा संशय घ्या. टॅनिन आणि प्रथिनंही गढूळपणा आणू शकतात, त्यामुळे शेवटचा निवाडा क्ष-किरण विवर्तनावर सोडा. त्याबद्दल पुढे येतंच.

सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण

सिल्व्हर नायट्रेटचा रेणुभार १६९.८७. म्हणजे १ मिलिमोलर द्रावणासाठी १०० मिलिलिटरला फक्त ०.०१७ ग्रॅम लागतं. एवढं कमी वजन साध्या तराजूवर घेतलं तर चूक मोठी होते. त्यापेक्षा ०.१७० ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये विरघळवून १० मिलिमोलरचं मूळ द्रावण करा आणि लागेल तसं दहापट पातळ करा. ते तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवा, कारण प्रकाशानेही चांदीचं क्षपण होतं.

अभिक्रिया

१. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटचं ९० मिलिलिटर द्रावण घ्या. फ्लास्कला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा आणि चुंबकीय स्टररवर ६० अंशांना आणा.

२. १० मिलिलिटर अर्क थेंब-थेंब, साधारण पाच मिनिटांत घाला. ढवळण्याचा वेग नोंदवा आणि दर वेळी तोच ठेवा.

३. शून्य, ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी आणि मग २४ तासांनी छोटा नमुना काढा, लगेच गार करा, पातळ करा आणि वर्णपट घ्या. शोषण वाढायचं थांबलं की अभिक्रिया संपली असं धरा.

मिसळल्यावर चांदीची संहती ०.९ मिलिमोलर होते, १ नाही. छापील लेखांत हा फरक सर्रास गाळलेला असतो आणि दुसऱ्याची कृती करून पाहणारा मग गोंधळतो.

याच वेळी, त्याच तापमानाला, शेजारी तीन कंट्रोल चालवायचेच. एकात सिल्व्हर नायट्रेट आणि अर्काऐवजी पाणी: याला रंग आला तर प्रकाश किंवा घाणेरडं भांडं जबाबदार आहे. दुसऱ्यात अर्क आणि सिल्व्हर नायट्रेटऐवजी पाणी: पॉलिफिनॉल हवेतल्या ऑक्सिजनने स्वतःच तपकिरी होतात, विशेषतः अल्कधर्मी द्रावणात, आणि हा रंग किती असतो ते इथे कळतं. तिसरा कंट्रोल सामू बदलत असाल तेव्हा लागतो: सिल्व्हर नायट्रेट आणि तेवढंच सोडियम हायड्रॉक्साइड, अर्क नाही. सामू बराच वर गेला की सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी अवक्षेप पडतो. तो पाहून 'अल्कधर्मी सामूला लगेच नॅनोकण बनले' असा निष्कर्ष काढणारे निबंध मी बरेच वाचले आहेत.

उन्हात ठेवून कण बनवण्याची पद्धत वीज वाचवते आणि काम भराभर होतं. मात्र आजचं ऊन आणि उद्याचं ऊन सारखं नसतं. ती वापरायची असेल तर प्रकाशाची तीव्रता मोजा, किंवा ठरावीक दिवा वापरा.

वर्णपट कसा वाचायचा

चांदीचे गोलसर कण साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश शोषतात. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तरंगाबरोबर एकत्र डोलतात, त्यातून हे शिखर येतं. अर्क स्वतः अतिनील भागात जोरदार शोषतो आणि त्याची शेपटी दृश्य भागापर्यंत येते. त्यामुळे कोरा नमुना म्हणून नुसतं पाणी वापरू नका, तितकाच पातळ केलेला अर्क वापरा, तोही अभिक्रियेइतकाच वेळ तापवलेला.

शिखर अरुंद आणि उंच असेल तर कण बऱ्यापैकी एकसारखे आहेत. शिखर जास्त तरंगलांबीकडे सरकत गेलं तर कण मोठे होत आहेत किंवा एकमेकांजवळ येत आहेत. ६०० च्या पुढची रेषा खाली न उतरता वरच राहिली तर गोळे झाले आहेत. शोषण १ च्या वर जात असेल तर नमुना पातळ करून पुन्हा मोजा. वर्णपटावरून नेमका आकार मात्र सांगू नका. आवरणाचा अपवर्तनांक बदलला तरी शिखर हलतं.

घटक बदलून पाहणं

अर्काचं प्रमाण, सामू, तापमान, वेळ आणि चांदीची संहती हे पाच दांडे हातात असतात. सामू ७ वरून ९ कडे नेला की पॉलिफिनॉलमधले हायड्रोजन सुटतात, इलेक्ट्रॉन देणं सोपं होतं आणि अभिक्रिया वेगाने होते. तापमान वाढवल्यानेही वेग वाढतो. वेग जास्त म्हणजे सुरुवातीलाच खूप पुंजके, आणि चांदी त्यांच्यात वाटली गेल्याने कण लहान, असा साधारण कल असतो. अर्क कमी पडला तर आवरण अपुरं राहून कण गोळा होतात. फार जास्त झाला तर कणांभोवती सेंद्रिय पदार्थाची दाट चिखलटी होते आणि ती धुता धुता नाकी नऊ येतात.

एका वेळी एकच घटक बदलण्याची सवय सोडा. सामू आणि तापमान एकमेकांवर परिणाम करतात, ते अशा मांडणीत दिसत नाही. तीन घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या, म्हणजे आठ प्रयोग आणि मधल्या बिंदूची तीन पुनरावृत्ती, अशी छोटी मांडणी कमी रसायनात जास्त सांगून जाते.

सामू वाढवायला अमोनिया वापरू नका. अमोनियायुक्त चांदीचं द्रावण साठवलं तर त्यातून स्फोटक संयुगं बनू शकतात.

धुणं

सेंट्रिफ्यूजच्या बाबतीत 'मिनिटाला १२,००० फेरे' हे अर्धवट वाक्य आहे, कारण बल रोटरच्या त्रिज्येवर ठरतं. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला फेऱ्यांच्या वर्गाने गुणा, मग ०.००००१११८ ने गुणा. ८ सेंटिमीटर त्रिज्या आणि १२,००० फेरे असतील तर गुरुत्वाच्या सुमारे १२,९०० पट बल मिळतं. एवढ्या बलाला २० मिनिटं फिरवा, वरची निवळी बाजूला काढा, तळाच्या साक्यात ऊर्ध्वपातित पाणी घालून सोनिकेटरमध्ये पसरवा, आणि हे तीनदा करा. दहा नॅनोमीटरच्या आतले कण इतक्यावर पूर्ण बसत नाहीत. निवळी अजून रंगीत असेल तर ती फेकू नका, तुमचे सर्वांत लहान कण तिथेच आहेत.

पहिल्या निवळीत मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकून बघा. पांढरा गढूळपणा आला तर चांदीचे आयन शिल्लक आहेत, म्हणजे क्षपण अपुरं आहे. नेमका आकडा हवा असेल तर निवळी १० किलोडाल्टनच्या पडद्यातून गाळून आयसीपी यंत्रावर (द्रावणातल्या धातूचं अत्यल्प प्रमाणही मोजणाऱ्या उपकरणावर) चांदी मोजा.

उत्पादनाचं वजन करताना एक साधा हिशेब करा. ९० मिलिलिटर १ मिलिमोलर द्रावणात एकूण चांदी असते सुमारे ९.७ मिलिग्रॅम. तुमच्या हाती ४० मिलिग्रॅम पूड आली असेल तर तिच्यात तीन चतुर्थांशापेक्षा जास्त अर्काचा वाळलेला अंश आहे. मग 'मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम नॅनोकण' असं लिहिताना ते वजन कशाचं हे स्पष्ट करावंच लागतं.

पूड केलीच पाहिजे असं नाही. वाळवलेले कण पुन्हा पाण्यात सुटे होत नाहीत, आणि कोरडी पूड श्वासातून आत जाण्याचा धोका असतो. द्रव रूपातच, अंधारात, ४ अंशांना ठेवा आणि पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी वर्णपट घ्या.

कणांची ओळख पटवणं

क्ष-किरण विवर्तनात धातुरूप चांदीची शिखरं तांब्याच्या किरणांना ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांजवळ येतात. आता क्लोराइडकडे परत येऊ. २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांजवळ शिखरं दिसली तर ती सिल्व्हर क्लोराइडची आहेत. असंख्य लेखांत याच शिखरांवर छोटी चांदणी काढून 'अर्कातील जैविक पदार्थांचे स्फटिक' असं लिहून मोकळं होतात. तुमच्या आलेखात ती शिखरं चांदीपेक्षा उंच असतील तर तुम्ही मुख्यतः सिल्व्हर क्लोराइड बनवलं आहे, आणि ते तसंच लिहिलं पाहिजे.

शिखराच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने स्फटिकाचा आकार काढतात. ३८.१ अंशाच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.९ अंश असेल तर उत्तर ९.३ नॅनोमीटर येतं. रुंदी रेडियनमध्ये घ्यायची आणि कोन अर्धा करायचा, हे दोन्ही विसरण्याचं प्रमाण मोठं आहे. यंत्राची स्वतःची रुंदी वजा करायची तेही राहतं. शिवाय हा स्फटिकाचा आकार आहे. एका कणात अनेक स्फटिक असू शकतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कण प्रत्यक्ष दिसतात. छायाचित्रातले सुंदर दहा कण निवडून सरासरी काढू नका. वेगवेगळ्या जागांची चित्रं घ्या, किमान २०० कण मोजा आणि सरासरीबरोबर विचलनही द्या. गतिमान प्रकाश-विकिरणाने (द्रवात हलणाऱ्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढण्याच्या पद्धतीने) येणारा आकार यापेक्षा मोठाच येतो, कारण तो आवरण आणि पाण्याचा थर धरून असतो. त्यात आणखी एक मेख आहे: लहान कणांचं विकिरण व्यासाच्या सहाव्या घाताने बदलतं. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या कणाच्या दहा लाख पट प्रकाश विखुरतो. चार धुळीचे कण सगळा निकाल फिरवू शकतात. झीटा विभव, म्हणजे द्रवातल्या कणाच्या पृष्ठभागाजवळचं विद्युत विभव, उणे ३० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण असेल तर विद्युतभारामुळे स्थिरता चांगली मानतात. त्यापेक्षा कमी असूनही जाड जैविक आवरणामुळे कण टिकलेले दिसतात.

अवरक्त वर्णपटाबद्दल थोडक्यात. त्यावरून ओएच आणि अमाइड गट आहेत एवढं म्हणता येतं. अमुक फ्लॅव्होनॉइडनेच क्षपण केलं असं म्हणता येत नाही. नमुना ओला असेल तर दर सेंटिमीटरला १६४० या तरंगसंख्येजवळचं शिखर पाण्याचंही असतं.

बुरशी आणि जिवाणूंची वाट

ही वाट संथ आहे. वनस्पतीला जे तासात जमतं त्याला इथे एक ते तीन दिवस लागतात, निर्जंतुकीकरणाला वीज लागते आणि संवर्धन सांभाळावं लागतं. मग कशासाठी? संवर्धन केलेली प्रजाती वर्षभर सारखी राहते, पानांसारखी ऋतूवर अवलंबून नसते, आणि प्रथिनांचं आवरण अनेकदा जास्त टिकाऊ असतं.

प्रजाती निवडताना सुरक्षितता आधी पाहा. स्यूडोमोनास एरुजिनोसा किंवा ॲस्परजिलस फ्युमिगेटस माणसाला आजारी पाडतात, फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम पिकांना. बेकरीचं यीस्ट, बॅसिलस सबटिलिस, लॅक्टोबॅसिलस किंवा ट्रायकोडर्माच्या नेहमीच्या प्रजातींनी सुरुवात करा. कण पुढे वैद्यकीय कामाला वापरायचे असतील तर ग्रॅम-ऋण जिवाणू टाळा, कारण त्यांचं एंडोटॉक्सिन (पेशीभित्तिकेतलं विषारी द्रव्य) कणांबरोबर येतं.

ट्रायकोडर्मा द्रव माध्यमात २८ अंशांना, मिनिटाला १५० फेऱ्यांच्या शेकरवर, तीन ते पाच दिवस वाढवा. बुरशीचा लगदा गाळून निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्याने माध्यमाचा अंश जाईपर्यंत धुवा. ही पायरी घाईत उरकू नका: माध्यमातलं ग्लुकोज आणि यीस्टचा अर्क स्वतःच चांदीचं क्षपण करतात आणि श्रेय बुरशीला जातं. धुतलेला १० ग्रॅम ओला लगदा १०० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात ४८ ते ७२ तास ठेवा, गाळा, आणि त्या पेशीविरहित पाण्यात चांदीची संहती १ मिलिमोलर होईल एवढं मूळ द्रावण घालून अंधारात ठेवा. पेशीबाहेर कण बनवण्याचा मोठा फायदा हा की पेशी फोडून कण काढावे लागत नाहीत.

इथले कंट्रोल वेगळे: बुरशी न घालता त्याच प्रक्रियेतून नेलेलं माध्यम, आणि उकळून विकरं निकामी केलेलं पाणी. नायट्रेट रिडक्टेज हे विकर काम करतं असा प्रस्ताव फ्युजेरियमच्या बाबतीत मांडला गेला आहे. तुमचं उकळलेलं पाणीही तितक्याच वेगाने रंगलं तर तुमच्या प्रयोगात तरी विकराचं नाव घेऊ नका.

चांदी सोडून इतर धातू

सोनं सर्वांत सभ्य. क्लोरोऑरिक ॲसिडपासून माणिकरंगी किंवा जांभळं द्रावण मिळतं, शिखर ५२० ते ५५० नॅनोमीटरला. गवती चहाच्या अर्काने सोन्याचे सपाट त्रिकोण बनतात हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. असे त्रिकोण असले की ७०० नॅनोमीटरच्या पुढेही शोषण चढतं.

झिंक ऑक्साइडच्या बहुतेक 'हिरव्या' कृतींबद्दल मला शंका आहे. झिंकचा क्षार, अर्क, मग सोडियम हायड्रॉक्साइड आणि शेवटी ४०० अंशांना भाजणं, अशी कृती असते. सोडियम हायड्रॉक्साइडने अर्काविनाही झिंक ऑक्साइड बनतं, आणि ४०० अंशांना अर्काचं आवरण बव्हंशी जळून जातं. अर्क न घातलेला नमुना शेजारी ठेवून आकार आणि रूप यांत फरक पडतो का ते दाखवा, तरच अर्काचं नाव शीर्षकात घ्या.

लोहाच्या बाबतीत तर डोळे उघडे ठेवाच. चहाचा अर्क लोहाच्या क्षारात पडताच क्षणात काळा रंग येतो आणि तो शून्य-संयुजी, म्हणजे धातुरूप, लोह म्हणून खपवला जातो. लोह आणि टॅनिन यांचं काळं संयुग तसंच दिसतं. जुन्या काळची शाई त्याचीच होती. ते पाणी शुद्धीकरणात उपयोगी पडू शकतं, पण विवर्तनात धातुरूप लोहाचं शिखर दिसल्याशिवाय त्याला लोहाचे नॅनोकण म्हणू नका.

जिवाणूरोधक चाचणी घेणार असाल तर

चांदीचे आयन स्वतः जिवाणू मारतात. म्हणून कणांशेजारी तेवढीच चांदी असलेलं सिल्व्हर नायट्रेट, शेवटच्या धुण्याची निवळी आणि नुसता अर्क, हे तिन्ही तपासा. आगरवरच्या चकतीभोवतीचं वर्तुळ दिसायला छान, पण मोठे कण आगरमध्ये पसरतच नाहीत, त्यामुळे लहान वर्तुळ म्हणजे कमी परिणाम असं ठरत नाही. द्रव माध्यमात किमान प्रतिबंधक संहती, म्हणजे वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण, काढणं बरं. माध्यमात मीठ असेल तर सिल्व्हर नायट्रेटचा कंट्रोल क्लोराइडमध्ये अडकून दुबळा दिसतो आणि तुमचे कण फुकटचे शूर ठरतात.

टाकाऊ पाणी आणि हिरवेपणाचा हिशेब

पानांपासून सुरू झालेली पद्धत बेसिनमध्ये चांदी ओतून संपवली तर काही हिरवं उरत नाही. चांदीचे आयन जलचरांना अतिशय विषारी असतात. सगळ्या निवळ्या, धुण्याचं पाणी आणि फसलेल्या खेपा एकाच लेबल लावलेल्या कॅनमध्ये जमा करा. त्यातले कण विरल नायट्रिक ॲसिडने विरघळवा, मग मिठाचं द्रावण घालून सिल्व्हर क्लोराइड बसू द्या, गाळा, आणि तो साका तपकिरी बाटलीत साठवून अधिकृत घातक-कचरा यंत्रणेकडे किंवा चांदी परत मिळवणाऱ्याकडे द्या. तीव्र नायट्रिक ॲसिड वापरू नका. सेंद्रिय अर्काबरोबर त्याची अभिक्रिया धोकादायक होऊ शकते. बुरशी किंवा जिवाणूंचा कचरा आधी १२१ अंशांना १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा.

विजेचाही हिशेब ठेवा. ६० अंशांना दोन तास, की साध्या तापमानाला २४ तास स्टरर, यात कमी खर्च कोणता हे मीटर लावून बघितल्याशिवाय कळत नाही. गोठवून वाळवण्याचं यंत्र दोन दिवस चाललं तर बाकी सगळ्या पायऱ्यांची बचत त्यातच जाऊ शकते. एक ग्रॅम चांदीच्या कणांमागे किती पाणी, किती वीज, किती पूड आणि किती टाकाऊ द्रव, असे चार आकडे काढा आणि सायट्रेटच्या पद्धतीचे तेच आकडे शेजारी लिहा. हे सगळं तीन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या, शक्यतो दोन वेगळ्या तोडणीच्या पुडीपासून बनवलेल्या खेपांवर करा. शिखराची जागा, सरासरी आकार आणि शिल्लक आयन, या तिन्हींतला फरक तक्त्यात आकड्यांनी द्या.